राहुकाळातलं फूल

राममूर्तीरावांनी जन्मभर दोन्ही वेळा भात खाल्ला. आधी सांबारभात, मग आंबट भाजीशी भात, शेवटी ताकभात, आणि प्रवासाला निघाले की दहीभाताचा डबा. पण भाताला फूल येतं हे त्यांना कळलं साठी उलटून बरीच वर्षं झाल्यावर, आणि तेही बायको भाताच्या संशोधनात उभं आयुष्य घालवत असताना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून वेगळा काय असणार?

दोघांचीही घराणी तंजावरकडची. पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून खाली उतरले ते तिथलेच झाले. घरात जुनी मराठी बोलायची आणि जिना उतरला की तमिळ, हा दोघांचाही लहानपणापासूनचा शिरस्ता. राममूर्ती विमा कंपनीत कारकून म्हणून लागले आणि अधिकारी होऊन निवृत्त झाले. पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये त्यांचे दोन उद्योग. एक तंजावरी चित्रं करण्याचा. बाळकृष्णाच्या गळ्यातला एकेक खडा चिमट्याने उचलून ते असा बसवत की बघणाऱ्याने श्वास रोखून धरावा. दुसरा उद्योग राहुकाळ, म्हणजे रोजचा दीड तासाचा अशुभ वेळ, पाळण्याचा. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तो रोजचा छापलेला असे, पण त्यांना तो तोंडपाठ होता. शुक्रवारी साडेदहा ते बारा या वेळात त्यांच्याकडून कोणी कुरिअरच्या पावतीवर सही घेऊन दाखवावी.

चंद्रिकाबाईंना असलं काही तोंडपाठ नव्हतं. त्या मन्नारगुडीच्या एका शाळामास्तरांच्या धाकट्या. कोइम्बतूरला शेतकी शिकायला निघाल्या तेव्हा नातेवाइकांनी वडिलांना बोल लावला होता, की एवढी फी भरून पोर शेवटी चिखलातच उतरणार. नातेवाइकांचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं. पोर चिखलात उतरली ती साठीला आली तरी वर आली नाही. सिरुसेरीच्या काचेच्या इमारती मागे टाकून खाडीकडे गेलं की एका शेती संस्थेचं छोटं संशोधन केंद्र होतं. रोज सकाळी चंद्रिकाबाई तिथे जात आणि संध्याकाळी पायाच्या नखांत काळी माती घेऊन परत येत. मुलगा प्राणेश त्याच काचेच्या इमारतींपैकी एकीत, सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याने वजनापायी भात सोडला होता, आणि आई जे वाढवते ते मी खात नाही, असं तो पाहुण्यांना हसत सांगे. चंद्रिकाबाईही हसत. राममूर्तींना मात्र बायको दिवसभर तिथे नेमकं काय करते, हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

त्या काय करत होत्या ते सांगायला सोपं आहे. किनाऱ्याकाठच्या खाचरांत समुद्राचं पाणी शिरतं. पाणी ओसरतं, पण मीठ मागे राहतं आणि उभं पीक जळून जातं. काही जुने भात या मिठात तग धरतात, पण उंच वाढून लोळतात आणि लोंबीत दाणे थोडेच. नवे बुटके भात घरात पोती भरतात, पण मिठाचा वारा लागला की माना टाकतात. या दोघांचं लग्न लावायचं आणि पोत्यांनी पिकेल, मिठातही जगेल असं पोर जन्माला घालायचं. बस, एवढंच. या एवढ्याशा गोष्टीत त्यांची नोकरी सरली होती. कधी पोर बापासारखं दमदार निघे पण दाणा नाही, कधी आईसारखं भरघोस निघे आणि पहिल्या खाऱ्या पाण्यात मरे. एकेका जोडीचं बरंवाईट कळायला कितीतरी हंगाम जात. अशा कितीतरी जोड्या लावून झाल्या होत्या, आणि हाती काही लागलं नव्हतं.

मग एका पावसाळ्याअखेर एक गंमत झाली. बियाण्याच्या शेतात निराळ्या जातीचं रोप दिसलं की ते उपटून बाहेर नेऊन टाकायचं, हा या कामातला पहिला नियम. चंद्रिकाबाईंनी असंच एक उंच, आडदांड रोप उपटलं आणि कंटाळा आला म्हणून खड्ड्यापर्यंत न नेता शेजारच्या चरात भिरकावलं. पुढे वादळ आलं. खाडी शेतात शिरली, चरात तर पांढरा थर बसला. केंद्रातलं सगळं पीक गेलं. पाणी ओसरल्यावर नुकसान बघायला त्या गेल्या, तर त्या चरात, त्या मिठात, त्यांनीच मुळासकट उपटून फेकलेलं रोप नवी मुळं धरून हिरवंगार उभं होतं. त्यांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा राममूर्ती बाळकृष्णाला खडे लावत होते. वर न बघता ते म्हणाले, छान.

त्या रोपाचं बी धरून चंद्रिकाबाईंनी पुढच्या हंगामात ते त्याच चरात वाढवलं. पुन्हा ते तसंच जगलं. आयुष्यभर शोधत होते तो नवरदेव हाच, अशी त्यांची खात्री पटली. पण तोवर दिवस फिरले होते. केंद्राची जमीन संस्था सोडणार होती, तिथे घरांचा प्रकल्प येणार होता. चंद्रिकाबाईंच्या हाताखालच्या संयुक्ताची बदली कोइम्बतूरला झाली होती. पोंगलनंतर, म्हणजे संक्रांतीच्या सणानंतर, त्या स्वतः निवृत्त होणार होत्या. हा भात वर्षातून एकदाच, दिवस लहान झाले की फुलतो. म्हणजे लग्न लावायचं तर पोंगलआधीच्या याच मार्गळी महिन्यात, नाहीतर कधीच नाही. आणि नेमके त्याच वर्षी चंद्रिकाबाईंचे हात थरथरायला लागले.

डॉक्टर म्हणाले, भिण्यासारखं काही नाही, वयानं होतं, बारीक काम करताना जास्त जाणवेल. चंद्रिकाबाईंना नेमकं बारीकच काम होतं. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कात्री आणि चिमटा घेऊन त्या लोंबीशी झटताना राममूर्तींनी पाहिलं. चिमटा दाण्याच्या टोकाशी जाई आणि थरथरून बाजूला घसरे. शेवटी त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि पदराने डोळे पुसले. सासू गेली तेव्हा सोडून राममूर्तींनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ते गडबडून गेले. त्यांनी चिमटा उचलला, उजेडात धरला आणि म्हणाले, हा चांगला नाही, माझा खड्यांचा आणतो.

अशा तऱ्हेने विमा कंपनीचा निवृत्त अधिकारी भाताच्या लग्नाचा भटजी झाला. आधी कुरकुर केलीच. मार्गळीत आपल्याकडे लग्नं होत नाहीत, हा महिना देवाचा, असं त्यांनी सांगून पाहिलं. भात पंचांग वाचत नाही, असं चंद्रिकाबाईंनी उत्तर दिलं. एवढ्यावर तो विषय मिटला, निदान चंद्रिकाबाईंना तसं वाटलं.

गुरुवारी दुपारी केंद्राच्या व्हरांड्यात कुंडीतला बुटका भात पुढ्यात घेऊन राममूर्ती बसले. ही नवरी. तिची लोंबी नुकतीच पानातून बाहेर आली होती. चंद्रिकाबाई शेजारी बसून सांगत होत्या. प्रत्येक दाणा म्हणजे दोन हिरव्या सालींचं मिटलेलं घर. उद्या उमलणारे दाणे आज उन्हासमोर धरून ओळखायचे. आत पिवळ्या केसरांची सावली निम्म्यापर्यंत चढलेली दिसली की तो दाणा उद्याचा. त्याचं टोक तिरकं कापायचं आणि आतले सहाच्या सहा केसर चिमट्याने काढून घ्यायचे, नाहीतर फूल स्वतःचं स्वतःच फळेल. मधे दोन पिसं असतात, पांढरी, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी. ती नवरीची. त्यांना धक्का लागता कामा नये.

राममूर्तींनी पहिला दाणा कापला, भिंगातून आत पाहिलं आणि थबकले. चाळीस वर्षं त्यांनी देवांच्या मुकुटांत खडे बसवले होते, पण इतकं नाजूक काम कोणी केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. साध्या तुसाच्या आत, जे आपण पाखडून फेकून देतो त्याच्या आत, दोन पिसं एकमेकींपासून जरा दूर, जपून उभी होती. त्यांना एकदम लाज वाटली. आजवर त्यांच्या पानात पडलेल्या भाताचं एकेक शीत अशाच पिसांतून आलं होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, तर ती लोंबीकडेच बघत होती. जन्मभर तिने हे पाहिलं होतं आणि आपण कधी विचारलंही नाही. मग संध्याकाळपर्यंत त्यांचा हात एकदाही चुकला नाही. काम झाल्यावर चंद्रिकाबाईंनी लोंबीवर बटरपेपरची पिशवी चढवली.

आता फक्त नवरा उमलायचा होता. सकाळी चरातल्या त्या उंच रोपाची फुलं उघडली की त्याची लोंबी नवरीवर हळूच झटकायची, धुरळा पडला की झालं. पण शुक्रवारी सकाळीच जमिनीच्या हस्तांतरणासाठी चंद्रिकाबाईंना मुख्य कचेरीत बोलावणं आलं. त्यांनी राममूर्तींना केंद्रावर सोडलं आणि जाता जाता बजावून सांगितलं, फुलं उघडली की लगेच, परागाचा जीव काही मिनिटांचाच असतो. राममूर्तींनी मान डोलावली.

स्वच्छ ऊन पडलं होतं. राममूर्ती चराच्या काठावर स्टूल टाकून बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग एका दाण्याच्या दोन साली विलग झाल्या. कोणी हात लावला नाही, वारा नव्हता, आतूनच दार उघडलं गेलं. पिवळे केसर वर सरकत आले आणि बाहेर लोंबले. मग शेजारचा दाणा उघडला, मग त्याखालचा. बघता बघता सगळी लोंबी उघड्या दारांची झाली. इतक्या वर्षांत एवढं शांत आणि एवढं मोठं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. हात आपोआप जोडले गेले, आणि जोडताना मनगटावरच्या घड्याळाकडे नजर गेली. साडेदहा वाजले होते.

शुक्रवार. साडेदहा ते बारा.

आता या माणसाला मूर्ख म्हणायचं तर म्हणा, पण त्याच्या मनात काय चाललं होतं ते ऐका. बायकोच्या सगळ्या आयुष्याचं फळ आपल्या हातात आहे, आणि ते अशा वेळी सुरू करायचं की ज्या वेळी आपण पेपरवाल्याचा हिशोबही करत नाही? तिचं काही वाईट व्हावं असं त्यांना वाटत नव्हतं, म्हणूनच ते थांबले. ज्याने एवढं अद्भुत घडवलं तो बारा वाजेपर्यंत दार उघडं ठेवणार नाही का, असा साधा विचार त्यांनी केला. ते हात जोडून बसून राहिले, स्तोत्र म्हणत राहिले. डोळे मिटलेले होते, त्यामुळे साली एकेक करून मिटत गेलेल्या त्यांना दिसल्या नाहीत. बारा वाजले, ते लगबगीने उठले. सगळी दारं बंद झाली होती आणि बाहेर राहिलेले केसर सुकून पांढरे पडले होते. तरीही त्यांनी लोंबी नवरीवर झटकली. काहीच पडलं नाही.

चंद्रिकाबाई आल्या तेव्हा त्यांना एका नजरेत कळलं. तरी त्यांनी विचारलं, झालं कां? राममूर्तींनी खरं ते सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बांधावर बसल्या. थरथरणारा हात दुसऱ्या हाताने धरून त्यांनी चराकडे पाहिलं. मग शांतपणे बोलल्या.

"लग्न झालं तेव्हांपासून तुमच्या राहुकाळास मी थांबले. प्राणेशच्या वेळेस कळा येऊलागल्या, तेव्हांही तो सरेपर्यंत दारांत उभी राहिले. मज थांबाया येतं. ह्या फुलास येत नाही. ते एकदांच उघडतं, तासभर. मग जन्मांत पुन्हा नाही."

राममूर्तींना ती दुपार आठवली. दारात कमरेवर हात ठेवून, भिंतीला टेकून उभी असलेली चंद्रिका, आणि घड्याळाकडे बघणारे आपण. तेव्हा त्यांना वाटलं होतं, तिचं आणि बाळाचं भलं केलं. आज पहिल्यांदा त्यांना त्या उभ्या बाईचा चेहरा दिसला.

चंद्रिकाबाईच शेवटी उठल्या. चरात उतरून त्यांनी त्या रोपाची एकेक लोंबी तपासली. लोंबी वरून खाली फुलत जाते. बहुतेक साऱ्या शेंड्यापासून बुडापर्यंत फुलून गेल्या होत्या. सगळ्यात उशिरा आलेल्या एका लोंबीच्या अगदी बुडाशी थोडे दाणे मिटलेले होते. त्यांनी ते मावळत्या उन्हासमोर धरले. सावली निम्म्यापर्यंत चढली होती. मग त्यांनी नवरीच्या पिशवीवरून बोट फिरवलं आणि पुटपुटल्या, आणखी एक दिवस ती वाट पाहील. पिसं लगेच सुकत नाहीत, एखाददुसरा दिवस धीर धरतात. राममूर्तींना नवल वाटलं, ते त्या इवल्याशा पिसांच्या धीराचं की कुणाच्या, ते त्यांनाच ठाऊक.

शनिवारी राहुकाळ नऊ ते साडेदहा. नऊ वाजून गेले होते तेव्हा राममूर्तींनी स्वतः घराला कुलूप लावलं. किल्ली फिरवताना हात जड झाला होता हे खोटं नाही. घड्याळ मुद्दाम देवघरात ठेवून दिलं होतं. चंद्रिकाबाईंनी ते पाहिलं.

आणि त्या दिवशी आभाळ भरून आलं. ऊन नसेल तर फूल उघडायला उशीर करतं, हे चंद्रिकाबाईंना माहीत होतं. पाऊस आला तर सगळंच संपणार, हेही माहीत होतं. त्यांनी ती लोंबी देठासकट कापून पाण्याच्या बाटलीत ठेवली आणि व्हरांड्यात कुंडीजवळ आणली. दोघं समोरासमोर बसली. नेहमीची उमलायची वेळ टळून गेली असावी. वाळत घातलेली पोती गोळा करत पहारेकरी नारायणस्वामी तिथून गेला, थांबून आभाळाकडे बघून गेला. राममूर्तींच्या मनात देवाला सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण काल डोळे मिटून काय झालं ते त्यांना आठवत होतं. आज त्यांनी डोळे मिटले नाहीत. पापणीही हलू न देता ते बघत राहिले.

ढगांतून फिकट ऊन व्हरांड्यात आलं. बुडाचा एक दाणा किंचित उकलला.

"बेगीन," चंद्रिकाबाई म्हणाल्या, पण घाई करा हे सांगायची गरज नव्हती. राममूर्तींनी पिशवी काढली, लोंबी उचलली आणि नवरीवर धरून बोटाने हलकेच टिचकी मारली. उन्हाच्या तिरिपेत पिवळा धुरळा क्षणभर तरंगताना दोघांनाही दिसला. दिसला न दिसला तोच तो कापलेल्या दाण्यांत उतरला. दुसरा दाणा उघडला, पुन्हा टिचकी. ऊन गेलं, पुन्हा आलं. शेवटचा दाणा उघडेपर्यंत ते तसेच लोंबी धरून उभे होते. पिशवी परत चढवताना चंद्रिकाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो थरथरत होता, म्हणून राममूर्तींनी वरून आपला दुसरा हात धरला.

पोंगलच्या सुमाराला पिशवी उघडली. कितीतरी दाण्यांत काहीच धरलं नव्हतं, रिकामी तुसं होती. पण थोड्यांत, बोटांवर मोजता येतील एवढ्यांत, तांदूळ भरला होता. टोक कापलेलं असल्यामुळे तो तुसातून अर्धा बाहेर डोकावत होता, लहान मुलाने अंगरखा अर्धाच घालावा तसा. माणसाचा हात लागलेला दाणा असा ओळखू येतो, असं चंद्रिकाबाईंनी सांगितलं. राममूर्तींनी ते दाणे तळहातावर घेतले आणि त्यांना गहिवरून आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

चंद्रिकाबाई निवृत्त झाल्या. शेतात बुलडोझर आले, चर बुजला. बाकीचं बी कोइम्बतूरला संयुक्ताकडे गेलं, आणि संस्थेला विचारून चंद्रिकाबाईंनी दोन दाणे स्वतःकडे ठेवले. योग्य हंगामात ते पेरुंगुडीच्या बाल्कनीत दोन बादल्यांत रुजले. एका बादलीत त्या अधूनमधून मिठाचं पाणी घालत आणि रोज पानं चाचपून बघत. रोप जरा पिवळलं, पण उभं राहिलं. दुसरं तर जोमाने फुटलं. त्यातून काय निघेल ते अजून कोणालाच माहीत नव्हतं. त्याला अजून कितीतरी हंगाम लागणार होते, आणि ते सगळे आपल्याला बघायला मिळतील की नाही याचा विचार त्या दोघांनीही सोडून दिला होता.

पुन्हा मार्गळी आला. एका शुक्रवारी सकाळी चंद्रिकाबाई आत आंबट भाजीला फोडणी घालत होत्या. प्राणेश त्या दिवशी घरीच होता. बँकेचे काही कागद घेऊन तो वडिलांच्या मागे लागला होता, सही करा म्हणत होता, आणि साडेदहा वाजून गेले म्हणून वडील करणार नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं. राममूर्ती बाल्कनीत मिठाच्या बादलीपाशी वाकून उभे होते. त्यांनी मुलाच्या हातातलं पेन घेतलं, न बघता सही केली, पेन परत दिलं आणि आत हाक मारली.

"चंद्रिका, गॅस बंद कर अन ये. अत्तां ये. दार उघडूलागलंय."